उजवं-डावं

ऑटलीच्या बाजारचौकात घड्याळाकडे तोंड करून उभं राहिलं
तर उजव्या हाताला हेबलथ्वेट, डाव्या हाताला गिल.
दोघांच्याही काचेवर सोनेरी अक्षरांत तेच: कर्ड टार्ट,
आणि खाली बारीक, अस्सल.
गेल्या वर्षी गिलनं 'अस्सल'च्या आधी 'एकमेव' लिहिलं.
सोमवार उजाडायच्या आत समोर रंगाऱ्याची शिडी लागली.

शनिवारी रात्रपाळी सुटली की मी दोन्हीकडून एकेक घेते.
पिशव्या वेगळ्या.
एकाची पिशवी हातात धरून दुसऱ्याच्या दुकानात जाऊ नये
हे मला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं,
लीड्सची बस कुठून सुटते ते कळायच्या आधी.

टेबलावर सुरी, दोन बशा, मध्ये पाण्याचा पेला.

हेबलथ्वेटची पारी पातळ, मोहन सढळ,
नुसतं बोट लागलं तरी कड सांडते.
आत चक्का. हो, चक्काच,
रात्रभर नळाला टांगून ठेवलेला, जरासा रवाळ,
काळे मनुके तळाला जाऊन बसलेले
आणि वर जायफळ, असं की पहिल्या घासाला
मी श्रीखंडाच्या वाटीकडे हात नेते
आणि हाताला बशी लागते.

गिलचा टार्ट ठेंगणा, खांदे पाडून बसलेला.
तळ मात्र खरपूस, टिचकी मारली तर वाजतो.
मनुके मोजून घातलेले,
जायफळ नाकानं शोधावं लागतं.
पण रविवारी दुपारी झाकण काढावं,
हेबलथ्वेटनं पाणी सोडलेलं असतं
आणि हा पठ्ठ्या कालच्यापेक्षा बरा.

हेरंब गिलचा. "टिकतो," म्हणतो,
जसे काही बूट घेतलेत.

आमच्या वृद्धाश्रमात नऊ नंबरच्या खोलीत मिसेस मिजली,
वय एक्याण्णव, दात स्वतःचे.
दोन्हींतला अर्धा अर्धा तुकडा त्यांना लागतो.
डोळे मिटून खातात, मग निकाल देतात.
"हे गिलचं. वीट नुसती."
ते हेबलथ्वेटचं होतं.
मी बशी उचलली, गप्प राहिले.
साठ वर्षं त्यांनी गिलचा उंबरा ओलांडलेला नाही,
कुणाच्यातरी लग्नाच्या केकवरून.
केक आठवत नाही, लग्नही नीट आठवत नाही.

मार्चमध्ये एकदा लवकर सुटले.
पहाटेचे पाच, बर्फाचं पाणी झालेलं, चौकात चिटपाखरू नाही.
गिलच्या मागल्या दारातून पोरगा बाहेर आला,
कोपरापर्यंत पीठ, दोन्ही हातांत पातेलं, वर ओलं फडकं.
रस्ता ओलांडला.
हेबलथ्वेटच्या दारावर त्यानं टकटक केली नाही,
करायची वेळच आली नाही, कडी आतून आधीच निघाली होती.
पातेलं आत गेलं. बाहेर आला अंड्यांचा ट्रे,
त्यावर कागदाची पुडी,
आणि वारा माझ्या बाजूचा होता:
जायफळ.

पोरानं मला पाहिलं. ओठांवर बोट वगैरे काही नाही,
जराशी मान हलवली
आणि अंडी सांभाळत निघून गेला.

मी कुणाला सांगितलं नाही. हेरंबला तर नाहीच,
त्याच्याकडे रविवारी बोलायला दुसरं काय आहे?
आणि मिसेस मिजलींचा एवढा जपलेला राग
मी कुठल्या तोंडानं मोडणार?

चक्का एकाच पातेल्यातला, हे आता मला ठाऊक आहे.
जिभेला सांगून पाहिलं. ऐकत नाही.
तिला फरक लागतोच,
आचेचा, हाताच्या दाबाचा,
शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याचाही थोडा.

काल मिसेस मिजलींनी तोंड पुसत विचारलं,
"तू सांग. खरं सांग. चांगलं कोणतं?"

"उजवं," मी म्हटलं.

त्यांनी बशी पुढे सरकवली.
"कुणीकडे तोंड करून?"