तथास्तु

शाळेचं पत्र आलं, खाली सहीची जागा.
प्रॉमच्या आधीच्या गुरुवारी
दर पंधरा मिनिटांनी एक मूल मरेल.
काळ्या झग्यातला मृत्यू वर्गात शिरेल
(तो जिमचा मास्तर असतो),
खांद्यावर हात ठेवेल,
मग चेहऱ्याला पांढरा रंग,
आणि शाळा सुटेपर्यंत ते मूल कुणाशी बोलणार नाही.
दारू पिऊन गाडी चालवू नये, एवढ्यासाठी हे सगळं.
एकवीस जणांत तुमचा निहार आहे, अभिनंदन.
पालकांनी कृपया मृत्युलेख लिहावा,
दीडशे शब्द, सोमवारपर्यंत.

आई तिन्हीसांजेला अभद्र बोलू द्यायची नाही.
वास्तू तथास्तु म्हणते, म्हणायची.
हे घर लाकडाचं, ओहायोतलं, झेन्सव्हिलच्या चढावरचं,
याला मराठी कळत नसणार.
तरी घरात नाही लिहिलं.
लिहिलं दुकानामागे, गाडीत,
पाळी संपल्यावर, स्टिअरिंगवर वही टेकवून.

दिवसभर मी गोळ्या मोजते,
निळ्या ताटलीत, पाच-पाच करून.
खोटं प्रिस्क्रिप्शन आणणारा माणूस
मला दारातच ओळखू येतो.

इंग्रजीत सुचेना, म्हणून आधी मराठीत.
निहार आहे.
निहार होता.
हात असा थरथरला की
'होता'चा काना ओळीखाली घसरला.
त्याला कारलं आवडत नव्हतं.
त्याला पोहता येत होतं.
त्याला,
इथे पेन थांबलं. समोरच्या पेट्रोल पंपाचे दिवे गेले
तरी थांबलेलंच.
मग लिहिलं, तो दारूला कधी शिवला नाही,
आणि लिहिता लिहिता आठवली
नाताळानंतरची रमची बाटली,
भरलेली, पण रंगाने चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखी.
मी, औषधांची पदवी घेतलेली बाई,
तेव्हा म्हटलं होतं, जुनी झाली की होत असेल.

वाक्य राहू दिलं.
मृत्युलेखात खरं कोण लिहितं.

गुरुवारी मैदानात चेपलेली गाडी आणून ठेवली.
बंबवाल्यांनी तिचं छत कापलं, करवतीचा आवाज दातांत गेला.
बॉनेटवर एक मुलगी आडवी, कपाळाला लाल पाक,
त्यावर माशा बसत होत्या
आणि तिला हलायची मनाई होती.
हॉलमध्ये मी माइकवर वाचलं.
मुली रडल्या. मिसेस हॉफमननी मला मिठी मारली,
म्हणाल्या, फार परिणामकारक.

संध्याकाळी कानामागचा रंग निघेना.
मी कोल्ड क्रीम लावून पुसत होते, तो खुर्चीत,
लहानपणी जावळ काढताना बसला होता तसा मान खाली घालून.
"ब्रेडन नव्हता आज," म्हणाला.
ब्रेडन श्टाल. दप्तरात व्हेप सापडला.
पहिल्यांदा तीन दिवस, दुसऱ्यांदा दहा,
हे दुसऱ्यांदा.
आई दोन नोकऱ्यांवर. घरी तो, तळघर
आणि तो मोठा भाऊ, ज्याने पहिला झुरका दिला.
"आम्हाला काही झालं नव्हतं, आम्हाला रंगवलं.
त्याला झालंय, तर त्याला घरी पाठवलं."

मी कापूस बदलला.
माझ्याकडे उत्तर नव्हतं, शाळेकडेही नसावं,
हँडबुकच्या त्या पानावर फक्त दिवस मोजलेले.

"आणि आई, मला कारलं आवडतं.
दोन वर्षं झाली. तू करतेस ना, चिंचगुळाचं."

"रममध्ये पाणी कुणी घातलं?"

फ्रिज घरघरला, थांबला.
छपराचं लाकूड कुठेतरी करकरलं,
थंडी पडली की करकरतं तसं.
त्याने तोंड उघडलं.
"थांब," मी म्हटलं, "इथे नको."
खुंटीवरची किल्ली घेतली.
अंगणात गाडीत बसलो दोघं, इंजिन बंद,
त्याचा एक कान अजून पांढरा.
"आता सांग," मी म्हटलं.