चावीवाला, डाव्या कुशीवर

उपाशी आलो होतो, उगाच.
'इकोला नाही हो लागत काका, चहा तरी प्यायचा.'
हेमांगी भोईर, बिल्ल्यावर नाव.

सदरा काढला. डाव्या कुशीवर,
डावा हात उशाशी.
छातीवर तीन चकत्या, मग थंडगार जेल.
शहारलो.
फासळ्यांच्या फटीत ती यंत्राचं टोक दाबते,
जरा रुततं, इतकंच.
किरणं नाहीत. नुसता आवाज,
आपल्याला न ऐकू येणारा,
आत जाऊन परत येणारा.

'श्वास सोडा. थांबा…
घ्या आता.'

पडद्यावर काळ्या पाण्यात
झडप उघडते, मिटते.
तेहतीस वर्षं भांडुपला मी
पहाटे चारला रस्त्यातल्या झडपा फिरवल्या,
खांद्याएवढ्या लोखंडी चावीनं, आटे मोजून.
माझ्या रजेला बदली माणूस असायचा.
हिला?

लाल दिसलं, घाबरलो.
'लाल आपल्याकडे येणारं, निळं लांब जाणारं.
चांगलं-वाईट नसतं त्यात.'
मग तिनं आवाज मोठा केला:
सळ्ळप्, सळ्ळप्.
नळातली हवा नव्हे ही. पाणीच.

'गळतंय का कुठे?'
ती माप घेत राहिली.
'ते डॉक्टर सांगतील.'
बरोबर आहे. खिडकीतून बाया विचारायच्या,
पाणी कधी, किती,
मीही मान खाली घालून आटे मोजायचो.
गप्प होतो म्हणून पाणी आलं नाही
असं कधी झालं नाही.

कागदी रुमालानं छाती पुसली,
बटणं एक घर चुकवून लावली.
बाहेर शालन, मांडीवर जुन्या रिपोर्टांची पिशवी.
'काय निघालं?'
म्हटलं, पाणी चालू आहे.
दाबाचं संध्याकाळी कळेल.