वॉरंटी

एक लाख अठरा हजार.
खडेबाजारातनं रिक्षात मांडीवर आणला,
लेकरासारखा.

नवव्या दिवशी पडदा निळा.
हुबळीहून इराण्णा आला, रॅम बदलून गेला.
मग पंखा. मग मदरबोर्ड.
मदरबोर्डही आता तिसरा;
मूळचा उरलाय फक्त डबा
आणि हप्ता.

फोनवर बाई : कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन.
मी एक दाबतो.
भांडायपुरतं येतंय की.

इराण्णा पाठ खोलून म्हणतो, "नोडोण."
मी म्हणतो, बघूया.
अर्थ एकच : आज काही होत नाही.

कल्लाप्पा बिर्जेच्या पोरीची पत्रिका खोळंबलेली,
एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड.
टेबलाखालचा जुना पुसून लावला.
घरघरला,
आणि उघडला.

इराण्णानं चहाचा कप
हळूच नव्याच्या डोक्यावर ठेवला.