असंच

सोमवारी उद्यमनगरात शटर खाली असतात.
लेथ गप्प, भट्टी गप्प.
कानातली शिट्टी तेवढी चालू,
तीस वर्षांची, तिला सुट्टी नाही.

सहाला येझदी बाहेर काढली.
हिची निम्मी हाडं मीच टर्न केलेली,
बुश, पिना, फूटरेस्टचा बोल्ट.
तिसऱ्या किकला खोकली
आणि शेजारच्या खिडकीतून कुणीतरी
आम्हा दोघांचा उद्धार केला.

कळंबा मागं पडला. इस्पुर्लीपर्यंत धुकं,
चष्म्याच्या बाहेर आणि आतही.
उसाच्या ट्रॉलीमागं लागलो की
जग म्हणजे एक लोंबता लाल फडका.
बिद्रीला मळीचा वास
हेल्मेटात येऊन बसला, भाडं न देता,
गारगोटीपर्यंत.

मला ऐकू कमी येतं.
इंजिन मी तळहातांनी ऐकतो.
चाळीसला हँडल गुणगुणतं, पंचावन्नला कुरकुरतं,
सत्तरला काय म्हणतं
ते मी कधी विचारलं नाही.

मुदाळ तिट्ट्यावर चहा.
"काय पावणं, कुणीकडं?"
"असंच."
"असंच म्हंजे?"
चहावाल्याची गाळणी हवेत थांबली,
बाकावरच्या तिघांनी माना वळवल्या.
आमच्या जिल्ह्यात हे उत्तर चालत नाही.
माणूस मयतीला जातो, बाजाराला, कोर्टाच्या तारखेला,
म्हैस बघायला.
म्हटलं, "मध आणायला. पाटगावला."
गाळणी खाली आली.

गारगोटीच्या पंपावर मी जमीन बघायला निघालो होतो.
पोरगा म्हणाला, दोन एकर हाय, पाणी बारमाही.
तीनशेचं सांगितलेलं तीनशे चाळीसवर गेलं
तरी पाणी बारमाहीच होतं.

कडगावच्या अलीकडं क्लचची वायर तुटली.
आंब्याखाली स्टँडवर लावली,
टूलबॉक्समधली जुनी वायर तेलात बुडवून ओवत बसलो.
समोरच्या घरातून मालुताई मोरबाळे आल्या
तांब्या घेऊन, आणि तोच प्रश्न घेऊन.
हात ग्रीसचे, डोकं रिकामं.
तोंडातून गेलं, "पुतण्यासाठी मुलगी बघतोय."

"काय करतोय?"
"सीएनसीवर असतोय."
"पगार?"
"बावीस."
"उंची?"
"पाच आठ."
"व्यसन?"
इथं मी अडलो.
नसलेल्या पोराचं किती कौतुक करायचं?
"मावा खातो. कधी कधी."
त्यांचा चेहरा खुलला.
खरं बोलणारं माणूस भेटलं म्हणाल्या,
आणि आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला बायोडाटा आणला.
भाचीचा. बी.एस्सी., केमिस्ट्री. वर गणपती.
खाली मामाचं नाव, मोबाइल नंबर दोनदा गिरवलेला.
पोहे नको म्हणता आलं नाही.
वायर बसली होती केव्हाच,
मी उगीचच नट सैल करून पुन्हा आवळला.

पाटगावचं धरण दुपारचं चमकत होतं.
भिंतीवर एकटा बसलो.
विचारणारं कुणी नाही.
पहिली पंधरा मिनिटं बरं वाटलं.

मध घेतला, अर्धा किलो.
एक तरी खोटं फेडावं म्हणून.

परतताना खिशात कागद वाजत असावा.
मला कुठला ऐकू यायला,
पण छातीला कळत होता
प्रत्येक खड्ड्याला.
मुदाळला न थांबता हात केला.
चहावाला ओरडून काहीतरी म्हणाला,
बहुतेक, मिळाला का?

साडेसातला गल्लीत इंजिन बंद केलं.
खिडकीतून आवाज, "आला काय?"
"आलो."
कुठून ते कुणी विचारलं नाही.

दिवा लावला. मधाची बाटली शेल्फावर,
व्हर्नियरच्या डब्याशेजारी.
बायोडाटा कुठं ठेवावा कळेना, म्हणून हातातच राहिला.
मग दुसऱ्या हातानं टेप ओढली
आणि दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून पाच फूट आठ इंचांवर,
पेन्सिलीनं बारीक रेघ मारली.
बारीकच.
काम करताना माप आधी घ्यावं लागतं.