चार सेकंदांचे मालक

शेफील्डला दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खाली ड्रिल सुरू झालं
की टेबलावरची पेनं थरथरतात.
इथे बसून मी परवानग्या मागते.
पगारी याचक.

जेरेल लॉफ्टहाउस, वय तेवीस, पहिला अल्बम,
बारा गाणी, एकशे एकोणीस तुकडे.
धर्मादाय दुकानांतल्या, पन्नास पेन्सला एक अशा
मेलेल्यांच्या कपाटांतून आलेल्या तबकड्या.
यादी त्यानं वहीच्या पानांवर आणली, डावखुरी,
पावसात पळणाऱ्यांसारखी पुढे वाकलेली अक्षरं.
"सगळं लिहिलंय," म्हणाला.
"चोर असतो तर यादी केली असती का?"

मी बोलले नाही
की आमच्या धंद्यात यादी म्हणजेच कबुलीजबाब.

एका तुकड्याला मालक दोन :
एक सुराचा, एक फितीचा.
सुराचा मालक फितीच्या मालकाशी
बहुधा वीस वर्षं बोलत नसतो.
पहिल्याला हवे तिसऱ्या गाण्याचे साठ टक्के.
दुसऱ्यालाही साठच.
जेरेलनं बोटांवर हिशेब केला :
"म्हणजे माझ्या गाण्यात मी उणे वीस?"
हसला. मग हसायचा थांबला.

गोधडी म्हणू नका कुणी याला.
गोधडीतल्या चिंध्यांना वकील नसतात.

मला उगाच आठवतं विरजण.
वाटी घेऊन मी अष्टेकरकाकूंच्या दारात,
त्या बोटभर दही द्यायच्या,
सकाळी आमच्याकडे पातेलंभर लागायचं
आणि ते आमचंच असायचं, शंभर टक्के.
हे मी जेरेलला सांगितलं, तर तो म्हणाला,
"कोर्टात सांगा ना हेच."
पण खरं सांगायचं तर
रिकामी वाटी परत गेलेली काकूंनाही खपत नसे.
निदान दोन लिंबं. निदान चिमूटभर साखर.

तुकडा क्रमांक शहाऐंशी.
टोलेडो, ओहायो, चर्चमधली एक तबकडी.
गाणं सुरू व्हायच्या आधी
खुर्ची करकरते, कुणी घसा खाकरतं,
आणि एक बाई हसते, कसलं तरी भांडं हातात असल्यासारखी.
चार सेकंद.
त्यावर जेरेलनं अख्खं नववं गाणं उभं केलंय,
ते हसू पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी
जरा वेगळ्या कारणानं हसल्यासारखं.

कंपनीनं मागितले नऊशे पौंड.
आणि एक पत्र आलं, कंपनीचं नव्हे,
निळ्या शाईतलं, मिसेस व्हर्नेटा प्रुइट यांचं :
ती गायकांतली नव्हती. कॉफी द्यायला आली होती.
ती माझी आई.
आमच्याकडे तिचा आवाज नाही,
फोटो आहेत, सात.
पैसे नकोत. ते चार सेकंद
पाठवता येतील का?

साहेबांना विचारलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले,
पाठवणं म्हणजे प्रत काढणं.
प्रत काढायला परवानगी हवी.
परवानगीचे नऊशे पौंड.
मुलीनं आईचं हसू ऐकायचं, तर मध्ये आम्ही.
खाली ड्रिल सुरू झालं.

अल्बम निघाला शेवटी, सात गाण्यांचा.
नववं त्यात नाही.
जेरेल आता अटरक्लिफच्या गोदामात रात्रपाळी करतो,
खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, कुठून कुठे.
परवा ट्रामच्या थांब्यावर दिसला,
बोटं मांडीवर ठेका धरत होती.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.

आणि ही माझी यादी. एकच ओळ :
गुरुवारी, सगळे घरी गेल्यावर,
मी एक पाकीट टोलेडोला पाठवलं.
आत लिंबं नव्हती.