खवट

फ्यूमहूडखाली उघडली तरी
ही बाटली चौथ्या मजल्यावर कॉरिडॉरभर होते.
डिसा मॅडम लांबूनच ओरडतात, "चित्रलेखा, कोण मेलं?"
कोणी नाही. चार कार्बनचं आम्ल आहे, साधं,
शाळेच्या फळ्यावर एका ओळीत मावेल असं.
लोण्यात असतं. आपल्या आतड्यातही बनतं;
कोंड्यावर, सालींवर जगणारे जंतू
ते करत बसतात, कुणी न सांगता.

मी ते हाडाच्या गाठीतून आलेल्या पेशींना घालते.
एक मिलिमोलर, दोन, पाच.
सदतीस अंशांच्या कपाटात राहतात त्या, गुलाबी पाण्यात.
पाणी पिवळं झालं की समजायचं,
जेवल्या, वाढल्या, भांडं बदला.
झाकणावर नाव नसतं. विचारायचंही नसतं.
निळ्या मार्करनं एवढंच:
पु., १५, डावी मांडी, खालचं टोक.

शुक्रवारी मोजलं. दोनला वाढ निम्म्यावर.
पाचला त्या चपट्या होतात, लांब हातपाय काढतात,
जणू एकदम आठवावं
की आपल्याला हाड व्हायचं होतं.
सूक्ष्मदर्शकावरून मान उचलवेना.
मग शेजारची थाळी सरकवली. निरोगी पेशी.
त्याही थबकलेल्या.
वहीत दोन्ही लिहिलं, एकाच शाईनं.

लिफ्टमध्ये एक बाई.
काखेत एक्सरेचं मोठं पाकीट, दुमडू नये म्हणून
कोपऱ्यात जपून उभी.
माझ्याकडे वळून म्हणाली, "लोणी आहे का तुमच्याजवळ?"
मी मागे सरकले. सॉरी म्हटलं. कामाचा वास आहे.
"सॉरी कशाला? चांगला नाहीये, पण घरचा वाटला."
चोपड्याहून आलेली. परळच्या धर्मशाळेत दुसरा महिना.
"पोरगा म्हणायचा, गुडघ्याच्या वर ठणकतं.
कबड्डीत लागलं असेल म्हणून
चार महिने तेल चोळलं मी. रोज. असं."
आणि लिफ्टच्या पत्र्यावर अंगठा दाबून दाखवला,
नख पांढरं होईस्तोवर.

कोणता पाय, मी विचारलं नाही.
इथे अशी मुलं कितीतरी, त्यातली निम्मी डाव्या पायाची.
त्याऐवजी तोंडातून भलतंच निघालं:
"लोणी खवट झालं तर तुम्ही टाकता का?"
तिनं मला असं पाहिलं
जसं डिसा मॅडम पाहतात, पिपेट चुकलं की.
"टाकायचं कशाला? कढवायचं.
विड्याचं पान घालायचं खाली उतरवताना.
वास जातो."
तळमजला आला. दार अर्धं उघडून अडकलं, नेहमीसारखं.
"सगळा नाही जात," ती म्हणाली,
आणि पाकीट आधी बाहेर काढून
मग स्वतः आडवी होऊन निघाली.

आज शनिवार. पाणी पिवळं होतं, बदललं.
हात तीनदा धुतले. काही उपयोग नाही.
सोमवारी अडीच करून बघणार आहे, मग तीन, साडेतीन.
दोन आणि पाचच्या मध्ये
अजून बरीच जागा आहे.