घट

सकाळी आठला फाटक उघडलं तेव्हा
कुलपापेक्षा साखळीच जास्त गंजलेली.
रॉनीनं ड्रिल उतरवलं, कान टोपीत कोंबले.
थुरिंगियाच्या डोंगरातलं धुकं
आमच्या आधीच जागेवर हजर होतं,
सुरक्षा-बूट न घालता.

इथे थर्मामीटर बनत.
अर्ध्या देशाचा ताप इथल्या काचेनं मोजला,
आता तो देशही नाही.
नगरपालिकेला हवी आहे बालवाडी,
वीसेक घरं, सायकलींना छप्पर.
मला हवी आहेत चोवीस भोकं,
प्रत्येकी तीन मीटर.

पहिल्यातून विटांचा चुरा.
दुसऱ्यातून राख, आणि कपाचा तुटका कान.
तिसऱ्यातून पिवळी चिकणमाती, इतकी स्वच्छ
की रॉनी म्हणाला, "हिला कुणी काही सांगितलेलंच नाही."
मी तपकिरी बरण्या भरत गेले,
झाकणं आवळत, नंबर घालत,
थंड पेटीत एकेक निजवत.
नकाशा म्हणत होता: इथे गोदाम, इथे पॅकिंग, इथे काही नाही.
'इथे काही नाही'वर
मी नेहमी एक भोक जास्त पाडते.

दुपारी कुंपणापाशी इर्मट्राउड क्यूनास्ट आल्या,
वय चौऱ्याऐंशी,
हातात प्लमच्या केकचा डबा.
डब्याचं झाकण आपोआप वाजत होतं.
तेवीस वर्षं नळ्या भरल्या होत्या त्यांनी.
"चुकीच्या जागी खणतेस, पोरी.
मोरी तिकडे होती, त्या बर्चखाली.
सुटी झाली की आम्ही हंसाच्या पिसानं फरशी झाडायचो.
थेंब थेंबाला भेटायला धावायचे.
फटीत गेले ते गेले."
मग जरा थांबून,
"सुंदर दिसायचं."

म्हणून एकोणिसावं भोक बर्चखाली.
एक मीटर दहाला रॉनीनं यंत्र बंद केलं.
मातीच्या कापावर मोहरीएवढे
दोन, पाच, मग मोजता न येणारे
डोळे. पापणी नसलेले.
आम्ही न बोलता मुखवटे चढवले.
राग आला की पारा चढतो म्हणतात.
हा उतरत गेला होता,
सदतीस वर्षं,
कुणावरही न रागावता.
सदतीस: ताप नाही असं सांगणारा आकडा.

रात्री लॉजवर मी कारखान्याची वही उघडली.
दर डिसेंबरला हिशेब:
आणलेला पारा, विकलेला पारा,
आणि शेवटच्या रकान्यात, त्याच निळ्या शाईत, घट.
एक्केचाळीस किलो. अडतीस. त्रेचाळीस.
खाली सही, जी कुणाचीही असू शकेल.
मी बेरीज केली. दोनदा.
इतकी वर्षं हे काम करते,
पण कुणाच्या हिशेबातली तूट
बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवली
ती पहिल्यांदाच.

तीन आठवड्यांनी निकाल.
मोरीचा आकडा वेगळ्या पानावर टाकावा लागला.
उरलेल्या आवाराची सरासरी: चौसष्ट.
तक्ता सांगतो,
मुलं खेळणार असतील तर दहापर्यंत चालेल,
माणसं राहणार असतील तर वीस,
बागेला पन्नास,
कारखान्याला ऐंशी.
चौसष्ट. म्हणजे
या जमिनीला अजूनही एकच काम येतं.

तक्ता घेऊन मी इर्मट्राउडकडे गेले.
का गेले, ते बिलात लिहिता आलं नाही.
त्यांनी चष्मा लावला. बोट थरथरत
रकान्यारकान्यातून खाली आलं.
"ऐंशीला संपतो?"
"हो."
"मग मी तक्त्याबाहेर," त्या हसल्या,
आणि केकचा दुसरा तुकडा माझ्याकडे सरकवला.

प्लमचं झाड कुंपणाला टेकून उभं होतं,
आतल्या बाजूनं.
मी तुकडा घेतला.
अहवालात झाडाची नोंद आहे, पान सव्वीस.
केकची नाही.